क्रूझवर गुन्हा घडला तर तपास कोणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक वाचक भगिनी पती, सासू-सासरे, १५ वर्षांची मुलगी आणि ८ वर्षांचा मुलगा यांच्यासह मायामीहून सुटणाऱ्या ७ रात्रींच्या कॅरिबियन सफरीला निघणार आहेत. जहाज बहामाच्या नोंदणीचे असून कुटुंबात कोणाकडेही अमेरिकी नागरिकत्व नाही. क्रूझवरील लैंगिक अत्याचार आणि प्रवासी बेपत्ता होणे यांविषयीच्या बातम्या वाचून त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. क्रूझवर गुन्हे खरोखरच अधिक घडतात का? काही घडलेच तर तक्रार कोणाकडे करायची? आणि मुलीला जहाजावर एकटीने फिरू द्यावे का?

मी बरीच वर्षे प्रवासी जहाजांच्या सुरक्षा विभागात काम केले असून आता अशा प्रकरणांमध्ये प्रवाशांच्या बाजूने काम करणाऱ्या वकिलांना जहाजावरील व्यवस्थेची माहिती देतो. सफर रद्द करावी असे मला वाटत नाही. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागेल. जहाजावर पोलीस नसतात. जमिनीवर गुन्हा घडल्यानंतरचे पहिले काही तास पोलिसांच्या हाती असतात, तर समुद्रावर तेच तास उद्या जिच्यावर भरपाईचा दावा होऊ शकतो त्या कंपनीच्या नोकरांच्या हाती असतात. क्रूझवरच्या सुरक्षेचा विचार करताना मी नेहमी येथूनच सुरुवात करतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांवरून देणे दिसते तितके सोपे नाही. २०२३ मध्ये जगभरात सुमारे ३ कोटी १७ लाख प्रवाशांनी क्रूझ केली, आणि त्या तुलनेत नोंदवलेले गंभीर गुन्हे फार थोडे आहेत, असे कंपन्या सांगतात. ते खोटे नाही. पण कोणत्या गुन्ह्यांची नोंद होते, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेच्या २०१० च्या क्रूझ सुरक्षा कायद्यानुसार जे गुन्हे एफबीआयला कळवून जाहीर आकडेवारीत दाखवावे लागतात, त्यांत खून, संशयास्पद मृत्यू, अमेरिकी नागरिक बेपत्ता होणे, अपहरण, गंभीर दुखापत करणारी मारहाण, लैंगिक गुन्हे, जहाजाला आग लावणे किंवा त्याच्या यंत्रणेशी छेडछाड करणे आणि १०,००० डॉलरपेक्षा अधिकची चोरी यांचा समावेश होतो. याचा अर्थ असा, की ९,००० डॉलरचे दागिने गेले, किंवा मारहाणीत गाल सुजला पण हाड मोडले नाही, तर ती घटना या आकड्यांत कोठेही दिसणार नाही. शहरातील गुन्ह्यांच्या आकडेवारीत असल्या घटनाही मोजल्या जातात. म्हणून ‘आमचे जहाज कोणत्याही शहरापेक्षा सुरक्षित’ ही तुलना मला नेहमीच लबाडीची वाटत आली आहे.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या काही वर्षांत ज्या प्रकरणांचा तपास एफबीआयने सुरू करून संपवला होता, तेवढीच जाहीर आकडेवारीत येत असत. अमेरिकी सिनेटच्या वाणिज्य समितीने २०१३ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा २०११ पासून कंपन्यांनी एफबीआयला कळवलेल्या ९५९ कथित गुन्ह्यांपैकी लोकांसमोर आलेले केवळ ३१ होते. पुढच्याच वर्षी कायद्यात बदल झाला आणि आता कंपनीनिहाय आकडे अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला प्रसिद्ध होतात. ते पाहण्यास फार वेळ लागत नाही. तुमच्या कंपनीचे नाव काढून जरूर पाहा. वर्षानुवर्षे या तक्त्यांमध्ये सर्वांत मोठा रकाना लैंगिक गुन्ह्यांचा आहे. खून आणि अपहरण यांच्या बातम्या मोठ्या होतात. पण १५ वर्षांची मुलगी बरोबर असलेल्या आईने लक्ष द्यायचे ते या रकान्याकडे.

आता तक्रारीचा प्रश्न. खुल्या समुद्रात जहाजावर कायदा चालतो तो ते ज्या देशाचा झेंडा लावते त्या देशाचा. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कराराचे ९२ वे कलम तसेच सांगते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत किनाऱ्याच्या देशाचाही अधिकार पोहोचतो. बहुतेक मोठी प्रवासी जहाजे बहामा, पनामा, बर्म्युडा किंवा माल्टा यांच्या नोंदणीची असतात आणि कंपनीचे कार्यालय मायामीत असले तरी गुन्ह्याचा प्राथमिक अधिकार त्या झेंड्याच्या देशाकडे राहतो. या देशांकडे जगभर पसरलेल्या जहाजांवर तपास पथके धाडण्याइतके मनुष्यबळ नसते, हे उघड आहे. २०११ मध्ये बहामाच्या नोंदणीच्या एका जहाजावरून मेक्सिकोजवळ एक ब्रिटिश तरुण कर्मचारी बेपत्ता झाली, तेव्हा बहामाने तपासासाठी एकच अधिकारी पाठवला होता. त्या मुलीच्या आई-वडिलांना आपल्या मुलीचे नेमके काय झाले, हे त्या तपासातून कधीच नीट कळले नाही.

तुमची सफर मायामीहून निघून मायामीलाच संपते, हा तुमच्यासाठी मोठा फायदा आहे. २५० किंवा त्याहून अधिक प्रवासी नेणाऱ्या आणि अमेरिकी बंदरात प्रवासी चढवणाऱ्या किंवा उतरवणाऱ्या जहाजांना २०१० चा कायदा लागू होतो, मग झेंडा कोणाचाही असो. परंतु तुमच्या कुटुंबाच्या बाबतीत एक बारीक मुद्दा महत्त्वाचा ठरतो आणि सहसा तो कोणी सांगत नाही. खुल्या समुद्रातील परदेशी जहाजावरच्या गुन्ह्यात अमेरिकी संघराज्याचा अधिकार प्रामुख्याने आरोपी किंवा पीडित यांपैकी एक जण अमेरिकी नागरिक असल्यास पोहोचतो. जहाजाच्या मालकीत अमेरिकी व्यक्ती किंवा कंपनीचा वाटा असेल, किंवा घटना अमेरिकेच्या प्रादेशिक सागरात घडली असेल, तर नागरिकत्वाचा प्रश्न मागे पडतो. तुमच्यापैकी कोणीही अमेरिकी नाही. समजा, आरोपीही तिसऱ्याच देशाचा कर्मचारी निघाला आणि घटना बहामाच्या पलीकडे मध्यरात्री घडली, तर एफबीआय लक्ष घालेलच, याची खात्री देता येत नाही. अशा वेळी फ्लोरिडा राज्याचा स्वतंत्र कायदा उपयोगी पडतो. जहाजावरील निम्म्यांहून अधिक भाडे भरणारे प्रवासी फ्लोरिडात चढले असतील आणि शेवटी तेथेच उतरणार असतील, तर खुल्या समुद्रातील गुन्ह्यासाठी राज्याला खटला चालवता येतो. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये हा कायदा वैध ठरवला आहे. त्यामुळे तक्रार करताना ‘एफबीआयला कळवले आहे’ एवढ्या उत्तरावर न थांबता बंदराच्या परगण्याचे पोलीस, बहामाचे सागरी प्राधिकरण आणि तुमच्या देशाचा वाणिज्य दूतावास या तिघांनाही स्वतः लेखी कळवावे. कोणाचा अधिकार आहे, याचा वाद त्यांनी आपसात मिटवावा. तुमची तक्रार मात्र पहिल्या दिवसापासून तिघांच्याही दप्तरी असली पाहिजे.

जहाजावर प्रत्यक्षात काय होते, हे आता थोडे जवळून सांगतो. कॅप्टन हा सर्वोच्च अधिकारी असतो. गुन्ह्यांची चौकशी बहुधा त्याच्या खालोखालचा स्टाफ कॅप्टन आणि सुरक्षा प्रमुख करतात. सुरक्षा प्रमुख हा पुष्कळदा निवृत्त लष्करी किंवा पोलीस अधिकारी असतो आणि गुन्ह्याचे स्थळ कसे राखायचे याचे प्रशिक्षण घेतलेली किमान एक व्यक्ती जहाजावर असणे कायद्याने बंधनकारक आहे. ही माणसे सहसा कामात कच्ची नसतात. चांगल्या जहाजावर तक्रार येताच केबिनच्या दाराचे कुलूप असे बदलले जाते, की सफाई कर्मचाऱ्याच्या कार्डानेही ते उघडत नाही. दारावर सही केलेली पट्टी चिकटवली जाते. मग कुलपाला हातात मावणारे एक यंत्र जोडून त्याची स्मृती वाचली जाते, आणि कोणते कार्ड किती वाजून किती मिनिटांनी लागले याची यादी बाहेर येते. ही यादी माझ्या मते सीसीटीव्हीपेक्षा मोलाची असते. कॅमेरे मार्गिका, जिने आणि बारमध्ये असतात, केबिनमध्ये नसतात. शिवाय कोणता माणूस कोणत्या दारातून आत गेला हे लांब मार्गिकेच्या चित्रणात पुष्कळदा नीट दिसत नाही. कुलूप मात्र नेमकी वेळ सांगते. चादरी आणि कपडे कागदी पिशव्यांत वेगवेगळे ठेवायचे असतात. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि जैविक पुरावा कुजतो. एखादा अधिकारी तुमच्यासमोर प्लास्टिकची पिशवी उघडू लागला, तर त्याला निःसंकोच थांबवा.

पण हीच माणसे कंपनीची पगारी नोकर असतात आणि त्यांचा अहवाल कंपनीच्या विधी विभागाकडे जातो. हा हितसंबंधांचा पेच प्रशिक्षणाने सुटणारा नाही. अमेरिकी संसदेच्या सुनावण्यांमध्ये पीडितांनी पुनःपुन्हा मांडलेली एक तक्रार अशी, की संशयित कर्मचाऱ्याला नोकरीवरून काढून पुढच्याच बंदरात उतरवले जाते आणि पोलीस विचारपूस करण्यापूर्वी तो आपल्या देशात पोहोचलेला असतो. ऑस्ट्रेलियात २००२ मध्ये एका जहाजावर महिला प्रवाशाचा अमली पदार्थ पोटात जाऊन मृत्यू झाला. त्या प्रकरणाची न्यायिक चौकशी २०१० पर्यंत चालली आणि गुन्ह्याचे स्थळ सुरुवातीपासून नीट राखले न गेल्याचा मुद्दा तीत ठळकपणे पुढे आला. या दोन्ही गोष्टींमागे दुष्ट हेतूच असतो असे नाही. सफर संपते त्या सकाळचे चित्र डोळ्यांसमोर आणा. पहाटे जहाज धक्क्याला लागते, सकाळभर हजारो लोक बॅगा ओढत उतरतात आणि दुपारपर्यंत तितकेच नवे प्रवासी चढू लागतात. मधल्या चार-पाच तासांत प्रत्येक केबिनमधील चादरी काढून, न्हाणीघर धुऊन, कचरा उचलून ती नव्या कुटुंबासाठी तयार करायची असते. शेवटच्या रात्री घडलेल्या घटनेची तक्रार सकाळी दहाला, बॅगा उतरवून झाल्यावर केली, तर तोपर्यंत सफाई पथकाने गुन्ह्याचे स्थळ पुसून टाकलेले असते, आणि त्या पथकाला याची कल्पनाही नसते. म्हणून तक्रार जहाज सोडण्यापूर्वी करावी, आणि शेवटच्या रात्री काही घडल्यास तर क्षणाचाही विलंब करू नये.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत हे तास अधिकच महत्त्वाचे असतात. कठीण असले, तरी अंघोळ करू नये, कपडे बदलू नयेत आणि बदललेच तर ते धुऊ नयेत. गुंगीचे औषध दिल्याचा संशय असेल, तर पहिली लघवी तपासणीसाठी राखून ठेवावी. अशा कामासाठी वापरल्या जाणाऱ्या जीएचबीचा अंश लघवीत साधारणपणे १२ तासच सापडतो. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके चांगले, सुरू करावी लागतात. २०१० च्या कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराच्या न्यायवैद्यक तपासणीचा संच, संसर्ग रोखणारी औषधे आणि अशी तपासणी करण्यास सक्षम वैद्यकीय कर्मचारी जहाजावर असलेच पाहिजेत. त्याचबरोबर पोलीस, वकील आणि मदतसेवा यांच्याशी खासगीत, विनाशुल्क आणि तत्काळ संपर्क साधण्यासाठी दूरध्वनी व संगणक मिळण्याचा हक्क पीडितेला आहे. एवढे मोफत इंटरनेट एरवी क्रूझवर कोणाला मिळत नाही, म्हणून हा हक्क मुद्दाम सांगतो. स्वागतकक्षातील कर्मचाऱ्याला तो माहीत नसण्याची शक्यता बरीच असते. तो नाही म्हणाला तर सुरक्षा प्रमुखाला बोलवा. पीडितेच्या संमतीशिवाय वैद्यकीय तपासणीचा तपशील जहाजाच्या व्यवस्थापनाला देता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

जबाब देताना घाई करू नये. तुम्ही सांगाल ते सुरक्षा अधिकारी आपल्या शब्दांत लिहून सहीसाठी पुढे करतो. त्यात ‘प्रवाशाने मद्यपान केले होते’ हे वाक्य पहिल्या ओळीत आणि घटना चौथ्या ओळीत, अशी मांडणी मी किती वेळा वाचली आहे, याची गणती नाही. हे खोटे लिहिणे नव्हे; क्रम मात्र खटल्यात बोलतो. म्हणून आपला जबाब आपल्या हाताने, आपल्याला नीट येत असेल त्या भाषेत लिहावा, त्यावर तारीख आणि वेळ घालावी, आणि देण्यापूर्वी फोनवर त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. कंपनीचा स्वतःचा अहवाल तुम्हाला बहुधा मिळणार नाही, पण त्याचा क्रमांक आणि नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव मागून घेता येते. सीसीटीव्ही चित्रणावर काही दिवसांनी नवे चित्रण चढते. त्यामुळे ‘अमुक डेक, अमुक मार्गिका, इतक्या ते इतक्या वाजेपर्यंतचे चित्रण आणि अमुक केबिनच्या कुलपाची नोंद जतन करावी’ अशी लेखी मागणी त्याच दिवशी करावी. हे एक वाक्य पुढे वकिलाच्या फार उपयोगी पडते, कारण त्यानंतर पुरावा नाहीसा झाला तर त्याचा जाब कंपनीला द्यावा लागतो. जहाजावरील उधारीची माफी, पुढच्या सफरीत सवलत किंवा मोठी केबिन देऊ करून एखादा कागद पुढे केला गेला, तर त्यावर सही करू नये.

मुलीविषयी तुम्ही विचारलेत, त्याचे उत्तर होय आणि नाही असे दोन्ही आहे. १५ वर्षांच्या मुलीला ७ दिवस आईवडिलांच्या हाताला धरून ठेवणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. दिवसा, सार्वजनिक डेकवर, किशोरवयीनांच्या क्लबमध्ये, भोजनगृहात तिने फिरावे. माझी हरकत तीन गोष्टींना आहे. रात्री अकरानंतर बंद होणाऱ्या क्लबमधून निघून मुलांचा घोळका ज्या कोपऱ्यांत रमतो, म्हणजे बंद तरणतलावाचा परिसर, जिन्यांचे वळण आणि कोणाची तरी पालक नसलेली केबिन, तेथे तिने जाऊ नये. दुसऱ्या कोणाच्याही केबिनमध्ये, मग तो प्रवासी कितीही ओळखीचा झाला असो, जाऊ नये आणि कोणाला आपल्या केबिनमध्ये आणू नये. आणि कोणत्याही कर्मचाऱ्याबरोबर प्रवाशांसाठी नसलेल्या दारापलीकडे पाऊल टाकू नये. कर्मचाऱ्यांना कामाव्यतिरिक्त प्रवाशांच्या केबिनमध्ये जाण्यास सक्त मनाई असते आणि नियम मोडल्यास नोकरी जाते. म्हणून एखादा कर्मचारी ‘कोणाला सांगू नकोस’ असे म्हणत असेल, तर तेवढेच कारण तुम्हाला ताबडतोब सांगण्यास पुरेसे आहे, हे मुलीला निघण्यापूर्वी समजावून द्यावे. सिनेट समितीच्या २०१३ च्या अहवालात लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींपैकी सुमारे एक तृतीयांश घटनांत पीडित अल्पवयीन होते. यांपैकी पुष्कळ घटनांत आरोपी हा दुसरा प्रवासी असतो, कर्मचारी नव्हे, ही गोष्ट पालक विसरतात. मद्य हा या सगळ्यातला समान धागा असतो. केबिनची किल्ली आणि जहाजावरील खरेदी या दोन्हींसाठी एकच कार्ड असते. अल्पवयीनांच्या कार्डावर मद्य मिळत नाही, पण सर्वसमावेशक मद्य-योजना घेतलेल्या एखाद्या तरुणाच्या कार्डावर मिळालेला पेला कोणाच्या हातात जातो, याकडे गर्दीच्या बारमध्ये कोणी पाहत नाही.

केबिनमध्ये शिरल्यावर दोन मिनिटांची पाहणी करावी. दाराला बाहेर पाहण्याचे भिंग आणि आतून लावायची कडी आहे का, लगतच्या केबिनमध्ये उघडणारे मधले दार असल्यास ते कुलूपबंद आहे का, आणि न्हाणीघरात बेसिनच्या खाली किंवा फळ्यांच्या आतल्या बाजूला काही चिकटवलेले नाही ना, हे पाहावे. शेवटची गोष्ट वेड्यासारखी वाटेल. परंतु फ्लोरिडातील संघराज्य न्यायालयाने २०२४ मध्ये एका मोठ्या जहाजाच्या केबिन कर्मचाऱ्याला, प्रवाशांच्या न्हाणीघरांत छुपे कॅमेरे लावून मुलांचे चित्रण केल्याबद्दल ३० वर्षांची शिक्षा दिली. एका पाहुण्याच्या नजरेस कॅमेरा पडला, म्हणून ते प्रकरण उघडकीस आले. रात्री आतली कडी लावणे विसरू नये. कार्डाचे कुलूप ज्याच्याकडे कार्ड आहे त्याला उघडते. आतली कडी तशी उघडत नाही.

चोरीविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. केबिनमधील तिजोरीत पासपोर्ट आणि पैसे ठेवावेत, मोलाचे दागिने घरी ठेवावेत.

समुद्रात पडण्याची भीती तुमच्या सासूबाईंना विशेष वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. अमेरिकी कायद्याखालील जहाजांवर कठडा किमान ४२ इंच, म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटर उंच असावा लागतो. तो साधारण उंचीच्या माणसाच्या कमरेच्या वर येतो, त्यामुळे चालता चालता पाय घसरून कोणी त्यावरून पडणे जवळजवळ अशक्य आहे. कठड्यावर बसणे, शेजारच्या बाल्कनीत जाण्यासाठी चढणे, नशेत वाकणे आणि आत्महत्या ही प्रत्यक्षातली कारणे होत. तुमच्या ८ वर्षांच्या मुलासाठी धोका कठड्याचा नसून बाल्कनीतल्या खुर्चीचा आहे, कारण ती ओढून कठड्याला लावली की उंचीचा हिशेब बदलतो. बाल्कनीची केबिन घेतली असेल, तर तिच्या दाराची वरची खिटी नेहमी लावून ठेवावी आणि मुलगा एकटा असताना खुर्च्या आत घ्याव्यात.

पडलेल्या माणसाचे वाचणे मात्र कोणी पाहिले की नाही, यावर बरेचसे अवलंबून असते. माणूस समुद्रात पडल्याचे टिपणारी यंत्रणा ‘उपलब्ध असेल त्या प्रमाणात’ बसवावी, असे कायदा म्हणतो, आणि त्या शब्दांच्या आडोशाने अनेक जहाजांवर अजूनही माणूस पडताक्षणी इशारा देणारी स्वयंचलित यंत्रणा नाही. पक्षी, लाटांचे तुषार आणि वरच्या डेकवरून उडालेले टॉवेल यांमुळे खोटे इशारे येतात, ही कंपन्यांची अडचण खरी आहे. पण ती दूर करणारी तंत्रे आता आहेत आणि खर्चाचे कारण मला पटत नाही. यंत्रणा नसेल, तर माणूस नाहीसा झाल्याचे कळते ते बहुधा सोबत्याने सांगितल्यावर, किंवा पुढच्या बंदरात गँगवेवरील, म्हणजे जहाजातून चढण्या-उतरण्याच्या वाटेवरील, कार्डांची मोजणी जुळली नाही म्हणजे. तोवर जहाज रात्रभरात शंभर-दीडशे सागरी मैल पुढे गेलेले असू शकते. म्हणून कुटुंबातील कोणी ठरलेल्या वेळेपेक्षा अर्धा तास अधिक दिसले नाही आणि फोनही लागत नाही, तर शोधत फिरण्याऐवजी थेट सुरक्षा कक्षाला कळवावे. तो बारमध्ये सापडला, तर थोडीशी फजिती होईल. उशिरा कळवल्याने मात्र शोधाचा पट्टा मैलोगणती वाढतो.

जहाजाच्या अपघाताविषयी थोडक्यात. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्ता कॉनकॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ जण मृत्युमुखी पडले. त्या दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांची सुरक्षा कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती २४ तासांत कधीही घेतली तरी चालत असे. १ जानेवारी २०१५ पासून ती सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक आहे. आजकाल तिचा बराचसा भाग फोनवरील चित्रफितीत उरकला जातो. तुम्ही मात्र सासू-सासऱ्यांना घेऊन केबिनपासून एकत्र येण्याच्या ठिकाणापर्यंत एकदा प्रत्यक्ष चालत जा, आणि तेही लिफ्ट न वापरता. सासऱ्यांना किती जिने चढवतात, हे त्या दिवशीच कळलेले बरे.

राहिला तिकिटाचा करार, जो कोणीही वाचत नाही. अमेरिकी बंदरांतून सुटणाऱ्या सफरींच्या करारात बहुधा असे लिहिलेले असते, की इजेबद्दलच्या दाव्याची लेखी सूचना ६ महिन्यांत द्यावी, दावा १ वर्षात दाखल करावा आणि तोही कंपनीने नेमून दिलेल्या, बहुतेक वेळा मायामीच्या, न्यायालयातच. ‘कार्निव्हल विरुद्ध शूट’ या १९९१ च्या निकालात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने असे स्थळबंधन मान्य केले आहे. त्यामुळे घरी परतल्यावर आपल्या शहरात दावा लावू, हा विचार तेथेच संपतो. दुसऱ्या बाजूस, कर्मचाऱ्याने प्रवाशावर केलेल्या हल्ल्याबद्दल कंपनी निष्काळजी होती हे सिद्ध न करताही ती जबाबदार धरली जाते, असा निर्णय मायामीवर अधिकार असलेल्या अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २००४ मध्ये दिला आहे, आणि त्या प्रकरणात हल्ला जहाजावर नव्हे, तर मधल्या बंदरात, बर्म्युडाच्या किनाऱ्यावर झाला होता. हल्लेखोर दुसरा प्रवासी असेल, तर मात्र कंपनीला धोक्याची कल्पना होती किंवा असायला हवी होती, हे दाखवावे लागते. किनाऱ्यावरील ज्ञात धोक्यांची सूचना देण्याचे कर्तव्यही कंपनीवर आहे. सेंट थॉमस बेटावर किनाऱ्यावरून परतणाऱ्या बसजवळ झालेल्या गोळीबारात एका प्रवासी कुटुंबातील मुलीचा मृत्यू झाला, त्या प्रकरणात त्याच न्यायालयाने २०१२ मध्ये ते मान्य केले. मृत्यूच्या दाव्यांबाबत १९२० चा एक जुना अमेरिकी कायदा अजून लागू आहे. किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडे मृत्यू झाल्यास त्यानुसार केवळ आर्थिक नुकसान भरून मिळते. निवृत्त माणूस किंवा लहान मूल कमावत नसल्याने कायद्याच्या लेखी ते नुकसान नगण्य ठरते. ही तरतूद बदलण्याचे प्रयत्न अनेकदा झाले आणि प्रत्येक वेळी फसले. ती अन्यायकारक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आरक्षणाबरोबर आलेल्या ई-मेलमध्ये हा करार जोडलेला असतो किंवा त्याचा दुवा असतो. तो उतरवून घ्या, त्यातील मुदतींचे आणि न्यायालयाच्या स्थळाचे कलम शोधा, कंपनीला सूचना कोणत्या पत्त्यावर द्यायची ते पाहा आणि त्या पानाची एक प्रत जहाजावर न येणाऱ्या एखाद्या नातेवाइकाकडे ठेवून द्या.